अल खौदचा पालिसी

माणसाला कुणासारखं तरी व्हावंसं वाटतं, यात वाईट काही नाही. पण ज्याच्यासारखं व्हायचं त्याच्या गुणांना हातही न लावता नुसत्या त्याच्या खोडी उचलायच्या, याला काय म्हणावं? आमच्या घरात याला प्रताप टिपणीस म्हणतात.

प्रतापराव हे माझ्या धाकट्या बहिणीचे, नूतनचे यजमान. ठाण्यात वाढले, सिरॅमिकचं शिक्षण घेतलं आणि लग्नानंतर लगेच मस्कतला आले ते इथलेच झाले. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे, तिथे वॉशबेसिन आणि कमोड बनतात. त्यांच्यावर जो पांढरा, काचेसारखा लेप असतो त्याला ग्लेज म्हणतात. प्रतापराव त्या ग्लेज विभागाचे इन्चार्ज. काम चोख. या देशातल्या कितीतरी माणसांनी त्यांच्या हातच्या लेपावर बसून सकाळी मोबाइल चाळला असेल. यात लाजण्यासारखं काहीच नाही, पण प्रतापरावांना लाज वाटायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी हाय टेम्परेचर मटेरियल्समध्ये आहे." विचारणारा बिचारा विषय बदलायचा.

मग कंपनीने त्यांना एका प्रदर्शनासाठी पॅरिसला पाठवलं आणि आमचे ग्रह फिरले. तिथे एका जुन्या चर्चशेजारच्या बागेत त्यांना एक पुतळा दिसला. खालची पाटी वाचली, तर तो एका कुंभाराचा निघाला. बेर्नार पालिसी. सोळाव्या शतकातला. कुंभाराचा पुतळा! प्रतापरावांना इतके दिवस वाटत होतं की ग्लेजवाल्याचं नाव फार तर पगाराच्या पावतीवर येतं. ते तिथेच त्या पुतळ्यापुढे उभे राहिले आणि परत आले ते पालिसी होऊनच आले.

पालिसी मोठाच माणूस होता. माझं त्याच्याशी भांडण नाही. पांढऱ्या ग्लेजचं गुपित शोधण्यासाठी त्याने उमेदीची वर्षं घातली. डोंगरातल्या दगडात सापडणारे शिंपले म्हणजे खरोखरच्या जलचरांचे अवशेष आहेत, हे मोठमोठ्या पंडितांसमोर ठणकावून सांगितलं. आपला धर्मपंथ सोडायला नकार दिला आणि म्हातारपणी तुरुंगात मेला. यातलं प्रतापरावांनी काय उचललं? एकच गोष्ट. एकदा म्हणे भट्टी ऐन तापली असताना पालिसीचं जळण संपलं, तेव्हा त्याने घरातलं फर्निचर भट्टीत घातलं आणि मग जमिनीच्या फळ्याही उखडून घातल्या.

ही गोष्ट अल खौदच्या त्यांच्या घरी चहाला आलेल्या प्रत्येक माणसाने ऐकली आहे. "आणि त्याची बायको!" असं म्हणून प्रतापराव कपाळावर हात मारायचे. "ओरडतेय, रडतेय, शेजाऱ्यांना गोळा करतेय. यू नो ताई, त्या बाईला व्हिजनच नव्हती." हे चाललेलं असताना नूतन चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. मी एकदा म्हटलं, "प्रतापराव, नवऱ्याने बसायच्या खुर्च्या जाळल्यावर बायकोने काय त्याला ओवाळायचं?" तर ते असे हसले, जणू मीही त्याच बाईच्या माहेरची.

तुरुंगाचा भाग मात्र ते कधी सांगायचे नाहीत. स्वाभाविकच आहे. कारखान्याच्या मालकाने 'चहात साखर कमी आहे ना?' विचारलं तर स्वतःचा कप तोंडाला न लावताच 'हो अर्बाब' म्हणणारा माणूस हा.

पुढची दोन-तीन वर्षं आम्ही पालिसीबरोबर काढली. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना उन्हातान्हात डोंगरात न्यायचं आणि दगडातले शिंपले दाखवून, 'इथे समुद्र होता' असं सांगायचं. पालिसी मासे-सरड्यांचे साचे घेऊन ताटल्या सजवायचा म्हणून नूतनच्या फ्रीझरमध्ये कोथिंबिरीशेजारी मेलेल्या पाली ठेवायच्या. त्यांची मुलगी अंतरा पुण्याला शिकते. मी तिच्याकडे फोनवर तक्रार केली तर ती म्हणाली, "मावशी, बाबांना लेट हिम बी ना. ही विल गेट... काय म्हणतात... कंटाळा येईल त्याला." पोरगी इंजिनियर होणार आहे, पण तो अंदाज साफ चुकला.

आता नूतनबद्दल सांगते. ती एका नर्सरीत चित्रकला शिकवते, आणि दरवर्षी शाडूचे गणपती करते. पेणहून माती आणायची, सुट्टीनंतरच्या सामानात कपडे कमी आणि माती जास्त. जुलैपासून तिची मागची खोली भरायला लागते. अल खौद, सीब, घुब्रा इथल्या आपल्या माणसांच्या घरी तिच्याच हातचे गणपती बसतात. वीतभर उंचीचे, साधे, रंग जेमतेम, पण डोळे असे की समोरून उठवत नाही. ती बाई वर्षभर कुणाला शब्द म्हणून देत नाही, कारण दिला तर पाळावा लागतो. हा एक शब्द मात्र ती देते: चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तुमचा गणपती तयार असेल. आजवर तो कधी चुकला नाही. आणि दीड दिवसांनी, पाच दिवसांनी घरोघरच्या बादल्यांत तिचं सगळं काम विरघळून जातं. प्रतापरावांना याचंच फार वाईट वाटायचं. "इतकी मेहनत आणि राहतं काय? चिखल!"

गेल्या वर्षी कारखान्याचं नवं शोरूम व्हायचं होतं. प्रतापरावांनी मॅनेजरला विचारलं, दारात पालिसीचा पुतळा ठेवू का? मॅनेजरला जेवायला जायची घाई होती, तो "यल्ला, ठेवा" म्हणाला. झालं! कमोडांच्या रांगेपुढे पालिसी बसणार, खाली पाटीवर पुतळा करणाऱ्याचं नाव येणार. इथल्या बहला गावी पिढ्यान्‌पिढ्या मडकी घडवणारे कुंभार आहेत, त्यांच्याकडून पोती भरून माती आणली. दीड हात उंचीचा पुतळा सहा महिने चालला होता. दाढी शेवयांसारखी झाली होती आणि नाक गळून पडायचं. ते बसवून द्यायची नूतन.

पुतळा भाजायला मागच्या अंगणात भट्टी बांधली. कारखान्याने टाकून दिलेल्या विटा, गॅसचा बर्नर. आणि खाली, गरज नसताना, लाकूड घालायला एक तोंड. मी विचारलं, "गॅस आहे ना? मग हे कशाला?" म्हणाले, "असू दे ताई. इमर्जन्सी."

चतुर्थी सोमवारी होती. गणपती करून झाले होते, रंगही झाले होते, मागच्या खोलीत फळ्यांवर वाळत होते. गुरुवारी सकाळी मला ताप भरला म्हणून नूतन माझ्याकडे घुब्ऱ्याला राहायला आली. शुक्रवारी सकाळी मला बरं वाटलं, तशी मी तिला गाडीने सोडायला गेले.

दार उघडून आत गेलो तर बसायला खुर्ची नाही. डायनिंग टेबल आहे आणि भोवती काही नाही. मला वाटलं, धुवायला बाहेर काढल्या असतील. नूतन सरळ मागच्या खोलीत गेली आणि तिथेच थांबली. फळ्या नव्हत्या. गणपती नव्हते. ज्या सागवानी पाटावर बसून ती डोळे रंगवायची तो आमच्या आईचा पाटही नव्हता.

अंगणात प्रतापराव भट्टीसमोर बसले होते. डोळे लाल, अंगाला धुराचा वास, चेहऱ्यावर लग्नातसुद्धा नव्हता असा आनंद. बसले होते ते स्वतःच्या कॉम्प्युटरच्या फिरत्या खुर्चीवर. ती तेवढी वाचली होती. प्लास्टिकची ना!

"सरप्राइज!" ते म्हणाले. "अगदी वेळेवर आलात. आत्ता उघडतोय. नूतन, तुझे गणपती अमर केले मी!"

आम्हाला कळायला वेळ लागला. या माणसाने रजा टाकून, तिच्या गैरहजेरीत सगळे गणपती ग्लेजमध्ये बुडवून भट्टीत ठेवले होते. काल दुपारी भट्टी ऐन तापलेली असताना गॅस संपला. तेव्हा त्याने फळ्या घातल्या, मग खुर्च्या फोडून घातल्या आणि शेवटी पाट. हे सगळं ते आम्हाला हात हलवून हलवून सांगत होते. शेजारचे महमूद कुंपणावरून विचारायला आले होते, तर त्यांनाही म्हणे 'सायन्स, सायन्स' म्हणून परत पाठवलं.

प्रतापरावांनी विटा काढल्या. आत ठिकऱ्या होत्या. कुठे सोंडेचा तुकडा, कुठे कान, उंदराचं अर्धं अंग. नुसत्या वरून वाळलेल्या मातीला घाईने आच दिली की आतल्या ओलीची वाफ होते आणि मूर्ती फुटते, हे भट्ट्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला मी सांगायचं! पालिसीच्या भरात ते स्वतःची विद्याही विसरले होते. 'काल फटफट आवाज येत होते,' असं ते स्वतःच म्हणाले. त्यांना वाटलं, विटा बसतायत.

एक गणपती शाबूत होता. प्रतापरावांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं. "ताई, बघा! मेल्ट झालं! काय शाइन आहे!"

शाइन होती. तोच रुसैलचा पांढरा. ग्लेज वितळून खाली ओघळलं होतं आणि चेहऱ्यावर साचलं होतं. डोळे बुजून गेले होते.

"याचं विसर्जन कसं करायचं?" नूतनने विचारलं.

"करायचंच कशाला? दॅट्स द पॉइंट! सांकेतिक करायचं. पाण्यात बुडवायचा, पुसायचा, परत शोकेसमध्ये."

मी पुष्कळ बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही, छापता येणार नाही. जन्माने हिंदू, वाढ ठाण्यात, आणि माणूस गणपती विरघळायचा असतो हे विसरतो! नूतन मात्र स्वयंपाकघरात गेली. तिला चहा टाकायचा होता. शेगडी पेटेना, कारण घरातलाही सिलिंडर प्रतापरावांनी काल भट्टीला लावून संपवला होता. तिने फोन केला. गुलजारचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. तो मूळचा रत्नागिरीकडचा, सिलिंडर पोचवतो. आमचा श्वास जागेवर येईपर्यंत तो खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात उभा राहिला.

त्याने रिकामं घर पाहिलं, अंगणातली राख पाहिली. "वहिनी, खुर्च्या जाळलात काय?" मग प्रतापरावांकडे वळून तो अगदी कळवळून म्हणाला, "अवो साहेब, मी काल दिवसभर दुकानातच होतो की. एक फोन करायचा होतात!"

"गुलजार, तुला ते नाही कळणार," प्रतापराव म्हणाले.

मला मात्र चांगलं कळलं. पालिसीने खुर्च्या जाळल्या, कारण त्याच्याकडे जळण नव्हतं. यांनी जाळल्या, कारण पालिसीने जाळल्या होत्या.

गुलजार गेला. नूतन कपात चहा ओतत होती. ओतता ओतता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग तुमचा पुतळा का नाही ठेवलात भट्टीत?"

पुतळा हॉलच्या कोपऱ्यात, चादरीखाली, होता तसाच होता. कोरडा ठणठणीत.

"अगं, तो कसा ठेवणार?" प्रतापराव म्हणाले. "भट्टी टेस्ट कुठे केली होती?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे. माझ्या आलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! अमर करण्याच्या गोष्टी नूतनच्या गणपतींसाठी, आणि सांभाळून ठेवायचा तो स्वतःचा पालिसी. मला त्या माणसाचा इतका तिटकारा आला की मी हातातला कप खाली ठेवला.

नूतनने चहा संपवला. कप विसळला. मग विसर्जनाचा निळा टब अंगणात आणून नळाखाली लावला. हॉलमध्ये जाऊन चादर काढली, पुतळा कडेवर घेतला आणि बाहेर आणून टबात ठेवला. कच्ची माती जितकी कोरडी तितकी लवकर विरघळते. पाण्यातून बुडबुडे यायला लागले. आधी दाढी गेली, मग नाक.

प्रतापराव धावत आले. "नूतन! काय करतेस? सहा महिने! अगं, सहा महिने लागलेत त्याला! पालिसीच्या बायकोनेसुद्धा असं केलं नव्हतं!"

"तिला सुचलं नसेल," नूतन म्हणाली आणि बाही वर करून तिने हाताने पालिसीचं डोकं पाण्याखाली दाबलं.

भाजलेल्या ठिकऱ्यांची पुन्हा माती होत नाही. पेणची माती संपली होती, बहल्याची सगळी पुतळ्यात गेली होती. घरात कच्ची माती एवढीच होती आणि शब्द रविवारच्या संध्याकाळचा होता. तिने तो चिखल प्रतापरावांनीच साच्यांसाठी केलेल्या प्लॅस्टरच्या फरश्यांवर ओतला, प्लॅस्टर पाणी शोषून घेतं. वर मस्कतचं ऊन होतंच. दुपार कलेपर्यंत माती हाताला यायला लागली. "मळा," ती नवऱ्याला म्हणाली. एवढंच. ते जमिनीवर बसून मळायला लागले. मळलीही वाईटच, मला दोनदा गाठी काढाव्या लागल्या.

शनिवार आणि रविवार आम्ही त्या रिकाम्या घरात फरशीवर बसून काढले. मी हातपाय वळून द्यायची, बाकी सगळं तिचं. गणपती लहान झाले, करड्या मातीचे, वरून रंग नाहीच. डोळे तेवढे तिने काळ्या रेषेने उघडले. रविवारी पंख्याखाली शेवटचे वाळत असतानाच लोक यायला लागले. पहिली आली ती मैथिली, नर्सरीतली तिची सहकारी. हातात घेऊन तिने तो उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "नूतनताई, यंदा माती वेगळी आहे का? किती गोड झालेत!"

आणि कोपऱ्यातून प्रतापराव पुढे आले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. "बहल्याची माती," ते म्हणाले. "लोकल क्ले. मी स्वतः सहा महिने मुरवलीय. यंदा म्हटलं, जरा एक्सपेरिमेंट करू."

"वा, काका!" मैथिली म्हणाली. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं आणि प्रत्येकाने वा केलं. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी तर त्यांचा फोटो काढला. मी उठून बोलणार होते, पण नूतनने माझा हात धरून ठेवला. सगळे गणपती गेले. शब्द राहिला.

लोक गेल्यावर प्रतापरावांनी विचारलं, "आणि आपला?"

फरशीवर मातीचा एक गोळा उरला होता. प्रतापरावांनी कपाटावरचा तो ग्लेजवाला खाली काढला, "हा बसवू या ना" म्हणाले. नूतनने मान हलवली. गोळा उचलून त्यांच्या हातात दिला. "आपला तुम्ही करा."

"मला कुठे येतो?"

"मग यंदा नाही बसणार."

टिपणिसांकडे गणपती बसला नाही असं कधी झालं नव्हतं. प्रतापराव मुकाट्याने बसले. सोंड चार वेळा पडली. पोट कलंडलं. नूतन समोर बसून होती, पण तिने बोटही लावलं नाही, पुतळ्याचं नाक बसवायला लावायची तसंही नाही. शेवटी जे झालं ते गणपती आहे, हे सांगितल्यावर कळत होतं. सोमवारी त्याचीच पूजा झाली. चौरंग जळाला नव्हता, देवघराखाली होता म्हणून.

दीड दिवसांचा गणपती. मंगळवारी आरती झाली, निळा टब पुन्हा अंगणात आला. प्रतापरावांनी मूर्ती हातात घेतली आणि टबाशी जाऊन उभे राहिले. उभेच राहिले. मी म्हटलं, "अहो, घाला की पाण्यात." ते त्या वाकड्या सोंडेकडे बघत होते. अंगठ्याने त्यांनी तिच्यावरचा गुलाल पुसला.

"राहू दे ना थोडे दिवस," ते नूतनला म्हणाले. "मी केलाय गं हा."

"माहीत आहे," नूतन म्हणाली. "माझे सगळेच मी केलेले असतात. सोडा आता."